शरीराच्या माथी मारू नकोस

बाळा,

आजीच्या दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले "ती शरीराच्या तुरुंगातून सुटली", आणि तेव्हापासून तुझ्या डोक्यात बसलंय की पाप शरीरात असतं, शरीर गेलं की तेही गेलं, म्हणून आत्तापासूनच त्याला उपाशी ठेवायचं, जमिनीवर झोपवायचं. तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. साहेबांशी मी नंतर बोलेन, आधी तुझ्याशी.

पाप शरीराच्या माथी मारू नकोस. तुरुंगाची कल्पना प्लेटोकडची आहे, आपली नाही. आपण चर्चमध्ये म्हणतो तो प्रेषितांचा विश्वासांगीकार तोंडपाठ आहे ना तुला? त्यात देहाचं पुनरुत्थान आहे, आत्म्याची देहातून सुटका कुठे आहे दाखव.

तू बायबलातल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा ८वा अध्याय पुरावा म्हणून पाठवलास. अरे, तिथे पौल ज्याच्यावर तुटून पडतो तो ग्रीक शब्द 'सार्क्स', आणि शरीरासाठी त्याचा नेहमीचा शब्द 'सोमा'. तो दोन्हींची कधीकधी सरमिसळ करतो हे मान्य, पण मराठी बायबलात 'सार्क्स'साठी तिथे 'देहस्वभाव' घातलंय, म्हणजे माणसाची देवाविरुद्धची ओढ, नुसतं हाडामांसाचं शरीर नाही, ते उगाच नाही. पौलाच्याच गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायातली देहस्वभावाच्या कर्मांची यादी काढ. जारकर्म, दारूबाजी आहेच, पण वैर, कलह, मत्सर, राग, तट, हेही त्यातच आहेत, यांना हातपाय कुठे लागतात? जुन्या काळचा मोठा ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन आधी नऊ वर्षं मानी नावाच्या धर्मगुरूच्या पंथात होता, तिथे शरीर म्हणजे अंधाराची वस्तू मानायचे. पुढे त्यानेच लिहिलं की सैतानाला शरीरच नाही, तरी गर्व आणि मत्सर त्याच्यात पुरेपूर आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो असं समजू नकोस. बाविसाव्या वर्षी चाळीस दिवस एकवेळ जेवून राहिलो, गुडघे सोलून निघेपर्यंत प्रार्थना केली, आणि त्या चाळीस दिवसांत थोरल्या भावाशी एक शब्द बोललो नाही. कारण होतं. वडलांच्या आजारपणात तो जसा वागला तसं कुणी वागू नये, आजही माझं बरोबरच होतं असं मला वाटतं, पण रिकाम्या पोटी त्याला मनातल्या मनात शिव्या घालताना आपण देवाच्या जवळ आहोत असं वाटायचं, ते काही बरोबर नव्हतं. तो गेला तेव्हा अंघोळ मी घातली. उजव्या अंगठ्याचं नख वाकडं होतं, लहानपणी मीच दारात चेंगरवलेलं. ते फडक्याने पुसताना लक्षात आलं की आमचं भांडण त्या हातात नव्हतंच कधी, ते माझ्यापाशी होतं तसंच शाबूत होतं.

आता मेल्यावर पवित्रता कशी येते हा तुझा खरा प्रश्न. कॅथलिक म्हणतात, देवाच्या कृपेत मेलेल्याचंही जे अपुरं राहिलं त्याचं शुद्धीकरण होतं, ल्यों १२७४, फ्लॉरेन्स १४३९, ट्रेंट १५६३, त्यांच्या चर्चच्या तीन परिषदांनी ते सांगितलं. ऑर्थोडॉक्स मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात पण शुद्धिस्थानाची ती शिकवण मानत नाहीत. आपल्या प्रोटेस्टंटांकडची वेस्टमिन्स्टरची लहान प्रश्नोत्तरी, धर्मशिक्षणाची, १६४७ची, म्हणते की विश्वासणाऱ्यांचे आत्मे मरताच पवित्रतेत पूर्ण केले जातात, आणि शरीरं ख्रिस्ताशी जोडलेलीच राहून कबरेत विसावतात. 'केले जातात', बघ. करणारा कुणीतरी आहे. आणि कबरेतलं शरीरसुद्धा त्याने सोडलेलं नाही, तू मात्र जिवंतपणीच सोडायला निघालास! या मंडळ्या आपसात शतकानुशतकं भांडल्यात, तरी शरीर गळून पडलं म्हणून माणूस पवित्र झाला असं यातलं कुणीच म्हणत नाही. तसं असतं तर मरणच आपला तारणारा ठरला असता की. पौल तर त्याला शेवटचा शत्रू म्हणतो.

किती वेळा सांगू, शरीराच्या माथी मारू नकोस. कबरेतून उठलेल्या येशूने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, थोमाला हाताच्या खुणा दाखवल्या. उठलेल्या शरीरावरही जखमा होत्याच, पुसून गुळगुळीत केल्या नव्हत्या. मला ते फार आवडतं, का ते विचारू नकोस.

चिडून लिहितोय असं वाटेल, चिडलोच आहे, पण तुझ्यावर अर्धाच.

मेसेजच्या शेवटी जाताजाता लिहिलंयस की आईशी दोन महिने बोलणं नाही, पण "तो विषय वेगळा आहे". वेगळा नाहीये. उपासाचं सोड, आज नीट जेव, आणि तिला फोन कर. पहिल्यांदा उचलणार नाही कदाचित. माझ्या भावानेही उचलला नव्हता, आणि मी दुसऱ्यांदा केला नाही.