तबकडी घेताना आधी खोबणी पाहा
आपण नुकतीच संग्रहाला सुरुवात केली आहे म्हणून सांगतो, ग्रामोफोनची तबकडी घेताना आधी वेष्टन नव्हे, खोबणी, म्हणजे सुई ज्यातून फिरते तो बारीक चर, पाहा. छत्रपती संभाजीनगरात जुन्या वस्तूंच्या दुकानात मी अनेकदा पाहिले आहे, की हौशी मंडळी रंगीत वेष्टनावर भाळून मागेल ती किंमत मोजतात आणि ते भिंतीवर टांगतात. खरा संग्राहक मात्र तबकडी उजेडात तिरपी धरतो, ओरखड्यावरून हलकेच नख फिरवतो आणि नख अडकले तर मुकाट्याने ती परत ठेवतो. (टांगणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांच्यामुळे भाव चढतात, एवढेच दुःख.) मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असल्याने हातातून पडल्या की फुटतात, आणि त्यांची खोबणी रुंद असल्यामुळे १९४८ साली आलेल्या ३३ १/३ फेऱ्यांच्या लाँगप्लेची (जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची) बारीक सुई त्यांवर चालवू नये. लाँगप्ले ज्याची असते ते विनाइल, म्हणजे एक प्रकारचे प्लॅस्टिक, सहसा फुटत नाही, पण मराठवाड्यातला मे महिना त्याला सोसत नाही: पत्र्याच्या खोलीत आडव्या रचून ठेवलेल्या माझ्या दोन तबकड्या भाजलेल्या पापडासारख्या वाकल्या. तबकड्या उभ्या आणि पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवा, आणि महागडे यंत्र घेण्याआधी झिजलेली सुई बदलून पाहा.