दोन आकारांचे धूलिकण आणि फाइलमधला क्रम

आपण लिहिले आहे की ०.७५ आणि ०.१५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या सिलिका कणांचे पुंजके संगणकावरील सिम्युलेशनमध्ये एकमेकांवर आदळवल्यावर, कणांच्या फाइलमधला क्रम उलटा केला की तुकड्यांची संख्या बदलते, आणि म्हणून आपण टाइमस्टेप, म्हणजे गणनेतला प्रत्येक पायरीचा कालावधी, आणखी लहान करणार आहात. तूर्त तसे करू नका. याच लक्षणापायी माझे सात महिने गेले. आमच्या संस्थेच्या संगणन कक्षाकडे प्रत्येक वेळी एकच उत्तर तयार असे: टाइमस्टेप निम्मा करा आणि जास्त प्रोसेसर-कोअरसाठी नवा अर्ज भरा. माझा कोड तिथे कोणी एकदाही उघडून पाहिला नाही.

चूक संपर्काच्या सूत्रात होती. जॉन्सन, केंडल आणि रॉबर्ट्स यांच्या १९७१ च्या सिद्धान्तानुसार दोन कण विलग करण्यासाठी लागणारे बल ३πγR इतके असते. यातला γ म्हणजे पृष्ठऊर्जा, म्हणजे दर चौरस मीटर पृष्ठभागामागची ऊर्जा; आणि R म्हणजे कणाची त्रिज्या नव्हे, तर दोन्ही त्रिज्यांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज. मी तिथे यादीत आधी येणाऱ्या कणाची त्रिज्या घातली होती. आपल्या दोन कणांसाठी R ०.१२५ येतो, मोठा कण आधी आला तर माझ्या कोडमध्ये बल सहापट होई आणि लहान आधी आला तर १.२ पट. त्यात भर म्हणजे γ ही एकाच पृष्ठभागाची ऊर्जा असताना, मी दोन्ही पृष्ठभाग विलग करण्याचे कार्य, म्हणजे तिच्या दुप्पट आकडा, त्याच सूत्रात बसवला.

सारख्या आकाराच्या कणांमध्ये मात्र क्रमाने काहीच बदलत नसल्याने ही चूक दिसतच नाही, आणि मी बराच काळ तेवढेच कण वापरत होतो. तिथे खरा R त्रिज्येच्या निम्मा असतो, म्हणून माझ्या कोडमध्ये R दुप्पट आणि γ दुप्पट होते. संपर्क तोडण्याची ऊर्जा γ च्या ५/३ आणि R च्या ४/३ घाताप्रमाणे वाढत असल्याने ती नेमकी आठपट होते, आणि पुंजके फुटण्याचा वेग सुमारे २.८ पट. दुर्दैव असे की सुट्या सिलिका कणांच्या प्रयोगांत चिकटण्याची मर्यादा सेकंदाला सुमारे १ मीटर आढळते आणि मूळ सिद्धान्त त्याहून बराच कमी वेग देतो. त्यामुळे माझ्या चुकीने उत्तर प्रयोगाच्या जवळ सरकले आणि मी ते आनंदाने माझ्या लेखनाच्या एका प्रकरणात लिहूनही टाकले.

म्हणून आधी केवळ दोन कण घ्या आणि त्यांना सावकाश ओढून विलग करा. ०.७५ मायक्रोमीटरचे दोन कण आणि γ ०.०२५ जूल प्रति चौरस मीटर असल्यास सर्वाधिक ओढ ८८ नॅनोन्यूटनच्या आसपास यायला हवी. ३५३ आली तर आपण माझ्याच वाटेने गेला आहात.

हे सर्व आपला कोड न पाहता लिहितो आहे. राउंडिंगमुळे, म्हणजे संगणक आकडे ठरावीक अंकांपर्यंतच ठेवतो त्यामुळे, एखाद्या टकरीत थोडा फरक पडू शकतो. पण अनेक दिशांनी केलेल्या टकरींची सरासरी क्रमाने बदलता कामा नये. शिवाय, चूक सुधारल्यावर पुंजके फारच सहज फुटू लागले तर γ मनाला येईल तसा वाढवू नका. ओलाव्याने सिलिकाची पृष्ठऊर्जा घटते, तेव्हा ज्या प्रयोगाशी आपण तुलना करता त्यातली धूळ किती कोरडी होती, ते आधी तपासा.