‘थोडा वेळ द्या’ म्हणजे नेमका किती?

“घरी कितीही समजावलं तरी पटत नाही, दोन वाक्यांत भांडणच होतं.” समुपदेशनात ही तक्रार फार येते. त्यातलं हे एक घर. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा 27 वर्षांचा, पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करणारा. तो म्हणे, “आप्पा, अजून थोडा वेळ द्या.” आप्पा म्हणत, “आता पुरे झालं.” तीन वर्षं हीच दोन वाक्यं.

दोघांना वेगवेगळं बसवलं आणि स्वतःच्या व समोरच्याच्या वाक्याचा अर्थ कागदावर लिहायला सांगितला. मुलाच्या लेखी ‘थोडा वेळ’ म्हणजे येणारी एक पूर्व परीक्षा. आप्पांनी धरलं होतं, वयोमर्यादा संपेपर्यंत. खुल्या गटाला ती 38, म्हणजे आणखी 11 वर्षं! ‘पुरे झालं’ याचा अर्थ मुलाने लिहिला, ‘तू नालायक आहेस’. आप्पांनी लिहिलं, ‘निवृत्तीला 14 महिने आहेत, नंतर महिना 12 हजार पाठवणं जमणार नाही.’ मतभेद होता तो इतकाच.

न्यायशास्त्रात, म्हणजे तर्क आणि वादाच्या जुन्या भारतीय शास्त्रात, ‘नवकंबल’ हे उदाहरण येतं. संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवं आणि नऊही. बोलणारा ‘नवं कांबळं’ म्हणतो, प्रतिवादी ‘नऊ कांबळी’ असा अर्थ घेऊन बाकीची आठ कुठे म्हणून विचारतो. तिथे हे मुद्दाम केलेलं असतं, त्याला वाक्छल म्हणतात. घरात मुद्दाम कुणी करत नाही, त्यामुळे ते सापडायला वर्षं जातात.

अशा वेळी आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगावं आणि तो “हो, हेच” म्हणेपर्यंत उत्तर देऊ नये. मग ‘थोडं’, ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘बघू’ या शब्दांखाली रेघ मारून तिथे तारीख, रक्कम किंवा घडलेली एक गोष्ट लिहावी. ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक कोण, तेही विचारावं. बहुतेकदा एक-दोन नावंच निघतात.

दुसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. मुलगा जुन्या भांडणांच्या तारखा काढू लागला, “मागच्या दिवाळीला तुम्ही असं म्हणालात.” हे हमखास होतं. अचूकपणा मागचं उकरायला वापरला की समोरचा आरोपी होतो आणि ऐकणं थांबवतो. म्हणून आकडे आणि तारखा फक्त पुढच्या गोष्टींसाठी, हा नियम आम्ही घालून दिला.

शेवटी मुलाने लिहून आणलं: “या पूर्व परीक्षेपर्यंत महिना 12 हजार लागतील. पास झालो नाही, तर निकालापासून 30 दिवसांत नोकरीसाठी प्रयत्न करीन.”

आप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. ‘प्रयत्न करीन’ खोडून ‘पाच ठिकाणी अर्ज करीन’ असं लिहिलं आणि कागद मुलापुढे सरकवला. त्याने खाली सही केली.