विंडोज १० सोडून ११ वर जावं का? इंदूरच्या डीटीपी दुकानातले दोन जुने कॉम्प्युटर

प्रश्न थोडक्यात असा आहे: रामबागेत टायपिंग-डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडण्याचं) दुकान. एक कॉम्प्युटर आठव्या पिढीचा इंटेल आय-५, ८ जीबी रॅम आणि १ टीबी हार्ड डिस्क. दुसरा चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम. दोन्हींवर विंडोज १०. काम पेजमेकर, कोरल (पानं आणि चित्रं मांडायची सॉफ्टवेअर) आणि कृतिदेव फॉन्टवर, शिवाय डोंगल (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली) लावून चालणारं एक मराठी सॉफ्टवेअर आणि जुना लेझर प्रिंटर. दुरुस्तीवाले म्हणतात दोन्ही मशीन बदला. मुलगा म्हणतो ११ फुकट मिळतंय, दोन्हींवर टाकून मोकळे व्हा.

दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. पहिल्या मशीनवर ११ टाका, पण आधी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क) बसवा. दुसऱ्यावर टाकू नका आणि ते इतक्यात भंगारातही काढू नका. तुमचा निर्णय विंडोजच्या आकड्यावर फारसा अवलंबून नाही. तो डोंगल, फॉन्ट आणि प्रिंटर यांच्यावर आहे.

आधी भीतीचं बघू. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, फक्त सुरक्षेची दुरुस्ती येणं थांबतं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव मुदत ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तिचे तीन रस्ते आहेत: विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्यात सिंक केल्या तर फुकट, नाहीतर १,००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स पॉइंट, नाहीतर एकदाच ३० डॉलर. तिन्हींत मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करावंच लागतं. एका नोंदणीवर दहा कॉम्प्युटरपर्यंत चालतात. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' दिसेल. दिसत नसेल तर आवृत्ती २२एच२ आहे का ते रनमध्ये (विंडोज-आर दाबलं की उघडणारी चौकट) विनव्हर चालवून बघा. जुन्या आवृत्तीवर ही सोय मिळत नाही. डोमेनला (सगळ्या कॉम्प्युटरचं एकत्र नियंत्रण करणाऱ्या नेटवर्कला) जोडलेल्या ऑफिसच्या मशीनना ही घरगुती योजना लागू नाही, पण छोट्या दुकानात डोमेन सहसा नसतंच. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा आधारही त्याच दिवशी संपला. विंडोज बदलून तो परत येणार नाही.

आणि ११ मध्ये नवं काय मिळणार? तुमच्या कामापुरतं बोलायचं तर जवळजवळ काही नाही. एक्स्प्लोररमध्ये टॅब आले, खिडक्या शेजारी-शेजारी लावायची सोय सुधारली. एआयच्या ज्या गोष्टींची जाहिरात होते, त्यातल्या बऱ्याचशांना वेगळी एनपीयू चिप आणि १६ जीबी रॅम लागते; त्या तुमच्या मशीनवर येणारच नाहीत. उलट राइट-क्लिकचा जुना मेनू 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत गेला आहे (शिफ्ट-एफ१० दाबलं की थेट उघडतो), आणि टास्कबार मधोमध येतो, तो सेटिंग्जमधून डावीकडे घ्यावा लागतो. तेव्हा ११ वर जायचं ते नव्या सोयींसाठी नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या चालू राहाव्यात म्हणून.

आता आठव्या पिढीचं मशीन. इंटेलमध्ये मान्य प्रोसेसरची यादी मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासूनच सुरू होते, म्हणजे तुम्ही उंबरठ्याच्या आत आहात. तीन गोष्टी तपासा. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउटमध्ये 'सिस्टम टाइप' ६४ बिट हवा. ३२ बिट असेल तर वरच्यावर (आहे त्या विंडोजवरच, काही न पुसता) अपग्रेड होत नाही, कारण ११ ला ३२ बिटची आवृत्तीच नाही. सगळं नव्याने टाकावं लागतं. दुसरं, ११ ला लागणारं टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आहे का बघायला रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाइप करा (इंग्रजी अक्षरांत). 'टीपीएम सापडलं नाही' आलं तर घाबरू नका, या पिढीत ते बहुधा बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद असतं. तिथे इंटेल पीटीटी नावाने शोधा आणि चालू करा (एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम). तिसरं, एमएसइन्फो३२ चालवून 'बायोस मोड' बघा. यूईएफआय (कॉम्प्युटर सुरू होण्याची नवी पद्धत, ११ ला तीच लागते) असेल तर उत्तम. लेगसी (जुनी पद्धत) असेल तर काम वाढलं.

लेगसी म्हणजे डिस्कवरच्या कप्प्यांची मांडणी जुन्या, एमबीआर पद्धतीची. ती नव्या, जीपीटी पद्धतीची करायला विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाची कमांड आहे: आधी 'व्हॅलिडेट', मग 'कन्व्हर्ट', दोन्हींना शेवटी 'अलाऊफुलओएस' जोडून, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये. घोडं इथेच पेंड खातं. या कमांडला तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य कप्पे) चालत नाहीत आणि एक्स्टेंडेड पार्टिशन (ज्याच्या आत आणखी कप्पे पाडतात) तर अजिबात नाही. आपल्याकडे दुकानातून आलेल्या डिस्कवर सी, डी, ई, एफ असे कप्पे हमखास पाडलेले असतात, त्यामुळे व्हॅलिडेट नापास होतं. मग कोणीतरी 'फॉरमॅट मारू' म्हणतं आणि त्यात फॉन्ट, जुन्या पत्रिकांच्या फाइल्स, सगळं जातं.

एसएसडी आधी बसवा म्हणतो ते यासाठीही. ५०० जीबीची साटा (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची) एसएसडी घ्या. सिल्व्हर मॉलमध्ये दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि वॉरंटीसाठी पक्कं बिल घ्या. सोबत एक साटा डेटा केबल लागेल. एसएसडीच्या कंपनीच्या क्लोनिंग (डिस्कची हुबेहूब नक्कल काढणाऱ्या) सॉफ्टवेअरने फक्त सिस्टम रिझर्व्ह्ड आणि सी हे दोनच कप्पे नव्या डिस्कवर उतरवा. डी-ई जिथे आहेत तिथेच राहू द्या. मग कॉम्प्युटर बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा आणि एकट्या एसएसडीवर सुरू करून बघा. चालू झालं की एसएसडीवर एमबीआर२जीपीटी चालवा. आता दोनच पार्टिशन असल्यामुळे ते पास व्हायला हवं. कन्व्हर्ट झाल्याबरोबर बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करा आणि बूट मोड यूईएफआय करा. तसं केल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही. विंडोज नीट आलं की मग सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू करा. कधीकाळी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावलं असेल तर हे सगळं करण्याआधी ते 'सस्पेंड' करा, नाहीतर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल.

सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळीच राहिली, तर शंका वेगळ्या लावलेल्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर घ्या. खूप जुन्या कार्डांना यूईएफआय कळत नाही. कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डच्याच पोर्टला जोडा. तरीही काही दिसलं नाही तर वीज काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवा, बायोस मूळ स्थितीला येतं.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी राहते. अपग्रेड फसलं तर एसएसडी काढा, जुनी केबल लावा, सीएसएम चालू करा, दुकान सुरू. सगळं सुरळीत झाल्यावर जुनी डिस्क परत जोडा, डी-ई मधल्या फाइल्स मिळतील. तिच्यावरचा जुना सी मात्र महिनाभर पुसू नका. एक अडचण येऊ शकते: काही सॉफ्टवेअरचा परवाना हार्ड डिस्कच्या क्रमांकाला बांधलेला असतो. तसं असेल तर क्लोन केल्यावर ते पुन्हा ॲक्टिव्हेशन मागेल, म्हणून विक्रेत्याला आधीच विचारून ठेवा.

फॉन्टचं जरा सविस्तर सांगतो, कारण डीटीपीवाल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. वरच्यावर अपग्रेड केलं तर फॉन्ट जागेवर राहतात. कोरं विंडोज टाकलं तर जातात. म्हणून तुमच्यासाठी अपग्रेडच. तरी नक्कल काढून ठेवा, आणि दोन जागांवरून काढा. विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स सगळ्यांना माहीत असतो. पण विंडोज १० च्या २०१८ च्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून, फॉन्टवर डबल-क्लिक करून 'इन्स्टॉल' केलं की तो फक्त त्या यूजरपुरता बसतो आणि त्याच्या अ‍ॅपडेटामधल्या लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरात जातो. तो फोल्डर नकलेतून सुटतो. शिवाय जुन्या सॉफ्टवेअरना असे फॉन्ट कित्येकदा दिसतच नाहीत. 'वर्डमध्ये कृतिदेव दिसतो, पेजमेकरमध्ये नाही' या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं. फॉन्टवर राइट-क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा.

युनिकोडमध्ये काम करत असाल तर आणखी एक. कोऱ्या विंडोजवर मंगल फॉन्ट नेहमीच असतो असं नाही. निर्मला असतो, मंगल, कोकिळा, अपराजिता हे 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या ऐच्छिक संचात असतात. मंगलमध्ये केलेली फाइल निर्मलात उघडली की ओळी सरकतात आणि चार पानांची स्मरणिका पाच पानांवर जाते. सिस्टममधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून तो संच टाका. सीपीसीटीच्या (मध्य प्रदेशातल्या सरकारी नोकऱ्यांसाठीच्या कॉम्प्युटर-टायपिंग परीक्षेच्या) सरावाला मुलं येत असतील तर त्यांचा रेमिंग्टन गेल कीबोर्ड विंडोजमध्ये आयता नसतो, वेगळा टाकलेला असतो. अपग्रेडनंतर तो भाषांच्या यादीत आहे ना, ते पहिल्यांदा तपासा.

डोंगल. सॉफ्टवेअर ६४ बिटच्या विंडोज १० वर चालत असेल तर ते ११ वर चालायला सहसा अडचण नसते. अडतं ते डोंगलच्या ड्रायव्हरपाशी (विंडोजला उपकरणाशी जोडणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरपाशी). सॉफ्टवेअरवाल्याकडून ११ साठीचा नवा ड्रायव्हर आधी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. अपग्रेड करताना डोंगल, प्रिंटर, स्कॅनर सगळं काढून ठेवा, फक्त कीबोर्ड-माउस राहू द्या. अपग्रेड अर्ध्यातून मागे फिरून ०xसी१९००१०१ ने सुरू होणारा कोड दाखवत असेल, तर दोष जवळजवळ नेहमी ड्रायव्हरचा असतो: जुना डोंगल ड्रायव्हर किंवा बाहेरचा अँटिव्हायरस. दोन्ही काढून पुन्हा प्रयत्न करा. डोंगल लावूनही ओळखत नसेल तर विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशनमध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' बघा. ती चालू असली की जुने ड्रायव्हर अडवले जातात, आणि कोणता ड्रायव्हर अडतो त्याचं नावही तिथेच येतं. ती बंद करून काम भागेल, पण तो शेवटचा उपाय ठेवा. प्रिंटरचं थोडक्यात: 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' मुळात बंद असतो, तो बंदच ठेवा. तो चालू केला की जुन्या लेझर प्रिंटरचा कंपनीचा ड्रायव्हर चालत नाही.

दोन मशीनमध्ये फोल्डर शेअर करत असाल तर अपग्रेडनंतर तेही बंद पडण्याची शक्यता आहे. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ पासून पासवर्ड नसलेलं पाहुण्याचं शेअरिंग चालत नाही. यूट्यूबवर रजिस्ट्रीचे उपाय भरपूर सापडतील. त्यापेक्षा ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे एक पासवर्डवालं खातं बनवा आणि दुसरीकडून एकदा त्या नावाने आत या, 'रिमेंबर'वर टिक करा.

दुसरं मशीन, चौथ्या पिढीचं. रूफससारख्या साधनाने अटी ओलांडून त्यावर ११ बसेलही. पण दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दर वेळी तीच कसरत करावी लागते, आणि अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना ही भानगड नको. त्याला वाढीव मुदतीची नोंदणी करा. मुदत संपली की इंटरनेट काढा आणि ते केवळ पेजमेकरसाठी ठेवा: लॅन केबल नाही, वाय-फाय नाही, आणि पेनड्राइव्ह आधी ११ वाल्या मशीनवर स्कॅन करूनच लावायचा. गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲप, ईमेल, ऑनलाइन फॉर्म, बँक हे सगळं नव्या विंडोजवर. डीटीपीच्या दुकानात व्हायरस सहसा गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून येतो, तेव्हा हा नियम विंडोजच्या आवृत्तीइतकाच महत्त्वाचा आहे.

परवान्याचं राहिलं. विंडोज १० अस्सल आणि ॲक्टिव्हेटेड असेल तरच ११ फुकट आहे. क्रॅक असलेल्या १० वर टाकलेलं ११ अस्सल होत नाही. ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या की बहुधा मोठ्या कंपन्यांच्या घाऊक परवान्यातल्या असतात आणि कधीही बंद पडू शकतात.

वेळ लग्नसराईतली निवडू नका. सी वर निदान ४० जीबी मोकळी जागा आणि मशीनला चालू बॅटरीचा यूपीएस हवा. अपग्रेडच्या मध्यात वीज गेली तर तासभराचं काम दिवसभराचं होतं. एसएसडीवर साधारण तासाभरात आटोपतं. झाल्यावर जुन्या विंडोजवर परत जायला दहा दिवस मिळतात. ती मुदत डिझम कमांडच्या 'सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो'ने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण दहा दिवस संपायच्या आत. आणि तोवर डिस्क क्लीनअप चालवू नका. 'जुनं विंडोज' म्हणून तो जे पुसायला सुचवतो, तोच तुमचा परतीचा रस्ता असतो.