होल्ड टाइम शून्य चालतो, मग एक का नाही?

प्रश्न : नमस्कार सर, मी खानापूरचा, बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका ओपन सोर्स राउटिंग प्रोजेक्टच्या बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) कोडला चाळीसेक कमेंट घालून पॅच (सुचवलेला बदल) पाठवला, सगळा परत आला. रिव्ह्यूवाला म्हणतो कोडच परत इंग्रजीत लिहिलायस. मग कमेंटमध्ये लिहायचं तरी काय?

उत्तर : रागवू नका, पण तो बरोबर बोलला की. तुम्ही पाठवलेला तुकडाच बघा, होल्ड टाइम (समोरच्या राउटरकडून काहीच आलं नाही तर किती सेकंद थांबून कनेक्शन तोडायचं तो आकडा) १ किंवा २ आला की एरर देऊन कनेक्शन बंद, आणि वर तुमची कमेंट काय तर ‘होल्ड टाइम १ किंवा २ असेल तर एरर’. अहो ते खालच्या ओळीत दिसतंयच! वाचणारा अडतो तो वेगळ्याच ठिकाणी : ३ चालतो, ० पण चालतो, मग १ आणि २ नं काय घोडं मारलंय? ते कोडमध्ये नाही सापडत, ते आरएफसी ४२७१ मध्ये आहे, बीजीपीचे नियम सांगणाऱ्या २००६ सालच्या दस्तऐवजात. होल्ड टाइम शून्य तरी पाहिजे नाहीतर कमीत कमी तीन सेकंद, आणि शून्य म्हणजे लगेच तोडा असं नाही, शून्य म्हणजे टायमरच नको, कीपअलाइव्ह (‘मी अजून चालू आहे’ असे ठरावीक वेळानं जाणारे निरोप) पाठवायचेच नाहीत. हे माहीत नसलेला कुणीतरी उद्या ‘शून्य कसा काय चालेल’ म्हणून तोही अडवणार. म्हणून कमेंट एवढीच : शून्य मुद्दाम सोडलाय, टायमर बंद असा अर्थ, १-२ नाकारणं आरएफसी ४२७१ कलम ४.२ आणि ६.२ प्रमाणे.

आपल्याकडचं बघा. बेळगावहून पणजीला चोर्ला घाट जवळचा, तरी ड्रायव्हरनं गाडी अनमोड घाटावरून घातली. ‘अनमोडवरून गेलो’ लिहून काय उपयोग, ‘चोर्ल्यात दरड पडलीय’ लिहा, म्हणजे दरड काढल्यावर पुढचा माणूस उगाच फेरा मारणार नाही.

आणि नवीन कमेंटच घालाय पाहिजे असं कुठाय? प्रोजेक्ट कुठला ते तुम्ही लिहिलं नाही, मी एफआरआर हा ओपन सोर्स राउटिंगचा प्रोजेक्ट धरून बोलतो. हा झेब्रा, मग क्वागा, मग एफआरआर असा १९९६ पासून चालत आलेला वंश, असल्या जुन्या कोडमध्ये कोड बदलतो आणि कमेंट तशीच पडून राहते, कंपायलर थोडीच वाचतो ती. खोटी झालेली कमेंट काढून टाकणं हाही पॅचच.

डॉक्युमेंटेशनला तर हात लावणारे कमीच. यूजरचं आणि डेव्हलपरचं वेगळं फोल्डर आहे, आरएसटी या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये लिहायचं, स्फिंक्स या टूलनं बिल्ड करून पानं कशी दिसतात बघायचं. पण नुसतं ‘होल्ड टाइम डिफॉल्ट १८० सेकंद’ लिहिलं की अर्धं राहिलं, कारण डेटासेंटर प्रोफाइलला तो ९ आहे, आरएफसी सुचवते ९०, आणि दोन बाजूंचे आकडे वेगळे असले की लहान तो लागू होतो. लॅपटॉपवरच दोन नेमस्पेस (एकाच मशीनमधली वेगळी नेटवर्कं) काढा, दोन्हीकडचे बीजीपी एकमेकांचे शेजारी म्हणून जुळवा, व्हीटीवायशेल या एफआरआरच्या कमांड लाइनमध्ये आकडा डोळ्यांनी बघा, मगच लिहा.

प्रश्न : कमेंट मराठीत लिहिल्या तर? (निपाणी)

उत्तर : घरच्या स्क्रिप्टमध्ये खुशाल लिहा. प्रोजेक्टला इंग्रजीच, पण आधी रूममेटला मराठीत, कन्नडात, जमेल तसं समजावून सांगा, कुठं अडखळताय ते कळतं. आणि शब्द आरएफसीतलेच उचला, होल्ड टाइमला वेटिंग पिरियड म्हणालात तर ग्रेप मारल्यावर (कोडमध्ये शब्द शोधल्यावर) कुणाला सापडायचं नाही.