बाप्तिस्मा राहिलाय, मग माझं तारण झालं की नाही?

प्रश्न: मी येशूवर मनापासून विश्वास ठेवलाय पण बाप्तिस्मा (पाण्यात होणारा ख्रिस्ती विधी) अजून झाला नाही. मधेच मला काही झालं तर?

उत्तर: आधी ही भीती काढून टाका. इव्हँजेलिकल विश्वासाचा, म्हणजे बायबल आणि वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या ख्रिस्ती प्रवाहाचा, गाभाच हा आहे की तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेने, विश्वासाद्वारे मिळतं, कर्मांनी नाही, बायबलमधलं इफिस 2:8-9 शांतपणे वाचा. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या गुन्हेगाराला बाप्तिस्मा घ्यायला वेळ तरी कुठे होता, तरीपण सुखलोकाचं वचन त्यालाच मिळालं ना (लूक 23:43)!

पण म्हणून टाळत बसू नका हं. मत्तय 28:19 मधे येशूनेच आज्ञा दिलीय, आणि रोम 6 वाचलं की कळतं, बाप्तिस्म्यात पाण्यात जाणं आणि वर येणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरण आणि नवं जीवन, ते आपण सगळ्यांसमोर कबूल करतो. प्रेषितांची कृत्ये 8 मधला तो हबशी (इथिओपियाचा) अधिकारी तर वाटेत पाणी दिसल्याबरोबर रथ थांबवून बाप्तिस्म्यासाठी उतरला, किती ती ओढ! बाळांना द्यावा का यावर एकमत नाही, बॅप्टिस्ट मंडळ्या फक्त विश्वासणाऱ्यांना देतात, प्रेस्बिटेरियन बाळांनाही, त्यावरून भांडू नये असं मला वाटतं. प्रभुभोजनाचं (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) मात्र तुमच्या मंडळीच्या पाळकांना विचारा, बऱ्याच मंडळ्यांत ते बाप्तिस्म्यानंतरच घेतात.