शिबिर उठल्यावर पाड्यावर कोण?

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीने शहापूर तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावर रविवारी आरोग्य शिबिर घ्यायचं ठरवलं आहे. ओळखीचे दोन डॉक्टर येतील, वर्गणीही जमली आहे. कोणती औषधं न्यावीत?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : औषधं एवढ्यात घेऊच नका. त्या भागात मी आरोग्यसेविका होते. एका शिबिरात पाड्यावरच्या आजींचं बीपी खूप वाढलेलं निघालं. थोड्या दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पुढे मी गृहभेटीला गेले, तर आजींनी पदराची गाठ सोडून रिकामं पाकीट माझ्या हातावर ठेवलं. ‘ते डाक्तर परत कधी येतील?’ शिबिरवाले नावांची यादी सोबत घेऊन गेलेले, आमच्या रजिस्टरला नोंद नाही. आणि बीपीच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात! मला फार वाईट वाटलं.

म्हणून आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि पाड्याच्या आशाताईंना गाठा. आदिवासी भागात 3,000 लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि 20,000 ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. पण ते तीन हजार लोक डोंगरावरच्या पाड्यापाड्यांत विखुरलेले असतात, मध्ये ओढे. गरोदर बाईला 102 ची गाडी फुकट नेते-आणते, तीही रस्ता असेल तिथपर्यंतच. त्याच्या अलीकडे तिला झोळीत घालून खांद्यावरून आणायचं. तुमची वर्गणी इथे लावा. गावातल्या एखाद्या जीपवाल्याशी बोलून ठेवा: आशाताईंचा फोन आला की रात्री-अपरात्री निघायचं, भाडं तुम्ही द्यायचं. साप चावला तरी हीच गाडी कामाला येईल. मण्यार रात्री झोपेत चावते, फारसं दुखतही नाही, आणि माणूस भगताकडे, म्हणजे मांत्रिकाकडे वेळ घालवतो.

दुसरं काम तर तुमच्या दाराशीच आहे. पेशंटला शहापूरहून ठाण्याला पाठवलं की घरचे कचरतात. मजुरी बुडते, शहरात ओळखीचं कुणी नाही, केसपेपर कुठे काढायचा ते ठाऊक नाही. अशा वेळी तुमच्यातलं कुणीतरी स्टेशनवर घ्यायला गेलं, खिडकीपाशी सोबत उभं राहिलं, नातेवाइकाच्या जेवणाचं पाहिलं, तर निम्मी माणसं अर्ध्यातून परत जायची नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. दिवाळी झाली की कित्येक कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावरच परततात. बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावरचा गोवर-रुबेलाचा डोस नेमका त्यातच राहतो. कार्ड पाड्यावर, बाळ भट्टीवर. कोणतं कुटुंब कुठल्या भट्टीवर गेलं ते आशाताईंना विचारा, कार्डांचे फोटो घ्या आणि भट्टीजवळच्या आरोग्य केंद्राला कळवा.

डॉक्टरांना पाड्यावर न्यायचंच असेल तर रविवार सोडा, तिथल्या लसीकरणाच्या दिवशी न्या. त्या दिवशी बाया-पोरं जमलेली असतात, सेविका हजर असते. तपासलेल्या प्रत्येकाची नोंद तिच्या रजिस्टरला करा आणि पुढच्या गोळ्या कुठून, कधी घ्यायच्या ते पेशंटला तिच्यासमोरच सांगा.